पाहुणीसाठी उपटलेलं रान

डॉक्टर शर्मिला गमरे यांच्याकडे पीएचडी करू पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्यांच्या वेबपानावरची सूचना वाचूनच माघारी फिरत असावेत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्या वनस्पतींचा भूगोल अभ्यासत; म्हणजे कुठली वनस्पती कुठे उगवते, तिथेच का उगवते आणि तिथवर पोचली कशी, हे शोधत. सूचना अशी होती : ‘गुणपत्रिका आत्ता पाठवू नका. लहानपणापासून निसर्गाची आवड आहे, असं लिहू नका. ती सगळ्यांनाच असते. तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडा. तिथली अशी एखादी वनस्पती सांगा, जी तिथे असायला नको होती. ती तिथे कशी आली असेल, ते एका पानात लिहा. यंदा मी एकच विद्यार्थी घेणार आहे.’

ज्ञानेश्वरी शेलारनं ही सूचना कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या आपल्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात बसून वाचली आणि तिचे कान गरम झाले. त्याआधी तिनं वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना एकच पत्र नाव बदलून पाठवलं होतं. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ हेच त्याचं पहिलं वाक्य होतं. उत्तर एकाचंही आलं नव्हतं. एका पत्रात तर नाव बदलायचंच राहून गेलं होतं.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून ती वाशीच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होती. आई, शालन, म्हणायची, बीएड करून घे, साताऱ्याकडं कुठल्यातरी शाळेत चिकटशील. वडील जोतीराम एपीएमसी मार्केटात बटाट्याची पोती वाहत. त्यांचं मत विचारलं तर ते म्हणत, "मला त्यातलं काय कळतंय? ती म्हनंल ते." आणि मग शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत, की पोरगी झाडांची डॉक्टर होणार.

जागा निवडायला तिला वेळ लागला नाही. बटाट्याच्या ज्या गाळ्यावर जोतीरामची टोळी काम करायची, त्याच्या मागे कंपाउंडची भिंत आणि हातपाय धुवायचा नळ यांच्यामध्ये मातीची एक पट्टी होती. रिकामी पोती टोळी तिथेच झटकायची. नळाचं पाणी तिथेच मुरायचं. मागच्या थंडीत वडिलांचा घरी राहिलेला डबा द्यायला ती गेली होती, तेव्हा तिथे तिला पीठ भुरभुरल्यासारख्या राखाडी पानांची रोपं दिसली. बथुआ, म्हणजे चाकवताचा रानटी भाऊ. शेजारी नाजूक पानांचा पित्तपापडा, आणि चुरगळली तर मेथीसारखा वास मारणारी, बारीक पिवळ्या फुलांची रानमेथी. तिन्ही उत्तरेकडच्या गहू-बटाट्याच्या शेतांतली हिवाळी तणं. पारसिकच्या डोंगरावर तिनं ती कधी पाहिली नव्हती, खाडीकाठाला नाही, की सोसायट्यांच्या बागांतही नाही. एका भिंतीमागे, नळाच्या ओलीवर, उत्तर हिंदुस्थानचा एक तुकडा उगवून आला होता. यंदा डिसेंबर लागताच तो पुन्हा उगवला.

तिनं एक पान लिहिलं. बटाट्याला चिकटलेल्या मातीतून बी इथे येतं, पोती झटकली की खाली पडतं, थंडीत उगवतं, उन्हाळ्यात मरतं आणि पुढच्या वर्षी नव्या पोत्यांबरोबर पुन्हा येतं, असं तिचं म्हणणं होतं. खाली फोटो जोडले आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं, तेही लगेच. ‘दर वर्षी नवं बी येतं, हे तुम्हाला कसं माहीत? कधीतरी एकदा येऊन ती इथलीच झाली नसतील कशावरून? पुढच्या गुरुवारी मी जासईला कंटेनर यार्डांच्या बाजूला कामाला आहे. परतताना वाशीत थांबेन. जागा दाखवा, आहे तशी.’

रात्रीच्या जेवणाला तिनं हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. शालनचा घास हातातच राहिला.

"आहे तशी? अगं, तिथं मानसं चुळा भरत्यात!"

"त्यांना तशीच बघायची आहे, आई."

"बघायची असंल. पर आपुन दावायची का? पुन्यासनं बाई येनार."

जोतीरामांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला आणि म्हणाले, "तू काळजी करू नगंस, ज्ञानू."

ज्ञानेश्वरीनं खरं तर तेव्हाच काळजी करायला हवी होती.

गुरुवारी क्लासला सुट्टी टाकून ती दुपारी मार्केटात पोचली. गाळ्याला वळसा घालून मागे आली आणि जागीच थांबली.

पट्टी स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की एखाद्या लग्नाच्या मांडवासाठी सारवायला घेतली आहे असं वाटावं. एक पान, एक काडी, एक मूळ नव्हतं. माती कुदळीनं खणून, वर-खाली करून, फावड्यानं सपाट केली होती. भिंतीला चुना मारला होता. कडेच्या दगडांना गेरू फासला होता. पाहुणीला चालत यायला म्हणून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून पट्टीच्या बरोब्बर मधून वाट आखली होती. वाटेच्या टोकाला प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर टॉवेल, आणि मागे दोन बांबूंवर ताणलेला भला मोठा फ्लेक्स.

फ्लेक्सवर लिहिलं होतं : ‘सुप्रसिद्ध वनस्पती डॉक्टर मा. शर्मिला मॅडम यांचे बटाटा मार्केटमध्ये सहर्ष स्वागत’. खाली गोल चौकटींत टोळीतल्या सगळ्यांचे फोटो, मध्ये मुकादम भगवान यांचा सर्वांत मोठा, गॉगल लावलेला. बाकी सगळी जागा लालपिवळ्या ट्युलिपच्या फुलांनी भरली होती.

"कसं झालंय?" भगवान मुकादम पुढे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. "सकाळी सा वाजल्यापासनं लागलोय समदे. दोन गाड्या खाली करायच्या ऱ्हायल्यात, पर म्हटलं आदी पोरीचं काम."

"झाडं..." ज्ञानेश्वरी म्हणाली.

"झाडं न्हवं गं, गवात. समदं मुळापासनं काडलं. एक काडी ऱ्हाऊ दिली न्हाई."

"कुठे टाकलं?"

"कचऱ्याच्या गाडीत. गेली की गाडी."

मानसिंग हा टोळीतला सगळ्यांत तरणा गडी. फ्लेक्स त्यानंच छापून आणला होता. तो हाताची घडी घालून शाबासकीची वाट बघत होता. "ताई, ट्युलिप बघितलेस? दुकानवाला कमळ टाकत होता. मी बोललो, इंटरनॅशनल टाक."

ज्ञानेश्वरी त्या रिकाम्या मातीकडे बघत खुर्चीत बसली, ती टॉवेलावरच. कुणी काही वाईट केलं नव्हतं. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण झाडतात, तसं त्यांनी झाडलं होतं. त्यांना रागवायचं तर कशावरून रागवायचं?

"आबा," तिनं वडिलांना शक्य तितक्या सावकाश सांगितलं, "मॅडम जे बघायला येणार होत्या ना, ते हे गवतच होतं."

जोतीरामांच्या हातात अजून फावडं होतं. त्यांनी ते भिंतीला टेकवलं. टोपी काढली, झटकली, परत घातली. भगवान मुकादमांनी गॉगल नसतानाही तो सारखा करावा तसा हात डोळ्यांपाशी नेला.

"म्हंजी," जोतीराम म्हणाले, "आमी तुझा पेपरच फाडला म्हन की."

कुणी हसलं नाही. मग मानसिंगनं तोंड उघडलं. "टेन्शन नको घेऊ ताई. सानपाड्याला नर्सरी आहे. टेम्पो काढतो, अर्ध्या तासात वीस झाडं आणतो. मोगरा, जास्वंद, जे पाहिजे ते. लावून टाकू लाइनीत. मॅडमला काय समजणार?"

"त्यांना तेवढंच समजतं, मानसिंगदादा. त्यांचं कामच ते आहे."

"मग एपीएमसीच्या मागं जाऊन दुसरं गवत आणू. गवत ते गवत."

"नको. कुणी काही लावायचं नाही." ती उठून उभी राहिली. "जे झालं ते मी सांगते."

"माझं नाव सांग," भगवान मुकादम म्हणाले. "मी हुकूम दिला हुता."

"काय बी सांगू नगं," जोतीराम म्हणाले. "मी बोलीन बाईंशी. बाप हाय मी."

हे बोलणं चालू असतानाच गाळ्याच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबली. डॉक्टर गमरे पन्नाशीच्या, ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या बाई होत्या. बुटांवर लाल चिखल वाळला होता आणि खांद्याला पोस्टमनसारखी पिशवी होती. त्यांनी फक्कीच्या रेघांमधून चालायचं सोडून कडेकडेनं चालत पट्टी बघितली, मग चुना, मग गेरू आणि शेवटी फ्लेक्स.

"हे ट्युलिप कुणी लावले?"

"दुकानातच होते मॅडम," मानसिंग एकदम अटेन्शनमध्ये म्हणाला. "रेडीमेड."

भगवान मुकादम शाल आणि नारळ घेऊन पुढे सरसावले. डॉक्टर गमरे यांनी हात जोडले. "आल्या आल्या नारळ देताय मला? थांबा, अजून मी काही केलेलं नाही. शाल ठेवून द्या. ज्ञानेश्वरी कोण?"

"मी."

"जागा कुठे आहे?"

ज्ञानेश्वरीनं रिकाम्या पट्टीकडे बोट केलं. "हीच आहे, मॅडम. काल संध्याकाळपर्यंत तिन्ही वनस्पती होत्या. आज सकाळी वडिलांच्या टोळीनं साफ केलं. तुम्ही येणार म्हणून."

जोतीराम मध्ये पडले. "मॅडम, पोरीची काय चूक न्हाई. तिनं सांगितलं हुतं, आहे तशी म्हनून. आमालाच वाटलं, बरं दिसत न्हाई."

डॉक्टर गमरे यांनी त्यांच्याकडे बघितलं, पण बोलल्या ज्ञानेश्वरीशीच. "नमुने?"

"तीन वाळवलेत. गादीखाली आहेत, पेपरात घालून. आणि फोटो आहेत."

"नमुन्यांवरून वनस्पती कुठली ते कळेल. ते तर मला तुझ्या फोटोंवरूनच कळलं होतं. माझा प्रश्न तो नव्हता."

"नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मग मी काय बघू इथे?"

त्या आवाजात राग नव्हता. बाईंना खरोखरच उत्तर हवं होतं, आणि त्यामुळे ते अधिक अवघड झालं. ज्ञानेश्वरीनं खाली बघितलं. खणून उलटलेली ओली माती, मधून पांढरी वाट, वाटेच्या डाव्या अंगाला थोडी जागा, उजव्या अंगाला जवळजवळ तेवढीच. गेला आठवडाभर ती बाईंच्या त्या दोन ओळींच्या प्रश्नाशी झुंजत होती. क्लासमध्ये मुलांना पेशीविभाजन शिकवताना, घरी कपडे वाळत घालताना. उत्तर सापडलं नव्हतं. का सापडलं नव्हतं, ते तिला आत्ता, या भकास मातीकडे बघताना कळलं.

"मॅडम, झाडं असती तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नसतं."

"का?"

"उभं झाड बघून ते यंदाच्या पोत्यातल्या बियांचं आहे की मातीत आधीपासून पडून राहिलेल्या बियांचं, हे सांगता येत नाही. दोन्ही सारखीच दिसतात. मी त्यांच्यासमोर वर्षभर बसले असते तरी कळलं नसतं." ती भरभर बोलू लागली. "पण आता सगळं शून्यावर आहे. मातीत जुनं बी असेल तर ते दोन्ही बाजूंना असणार, कारण यांनी माती खणून सगळीकडे सारखी मिसळलीय. या डाव्या बाजूला पोती झटकू द्यायची. उजव्या बाजूला एकही नाही. पाणी दोन्हीकडे सारखं. जे फक्त डावीकडे उगवेल, ते पोत्यांतून आलेलं. जे दोन्हीकडे उगवेल, ते इथे वस्तीला आहे."

डॉक्टर गमरे यांनी पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली. टोळीला हे बरं लक्षण वाटलं. भगवान मुकादमांनी पिशवीखालचा टॉवेल सारखा केला.

"पोती झटकली की धूळ उडते. मध्ये एवढीशी वाट आहे. वारा आला की डावीकडचं उजवीकडे. मग?"

मध्ये काहीतरी आडवं हवं होतं. भिंत बांधता येणार नव्हती. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर ट्युलिपवर गेली.

"मुकादम काका," ती म्हणाली, "तुमचा फ्लेक्स."

भगवान मुकादमांचा चेहरा पडला. "काडायचा?"

"काढायचा नाही. हलवायचा. या वाटेवर, उभा. खालची कड मातीत दाबून."

जोतीराम आधीच बांबूकडे गेले होते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना काहीतरी करण्यासारखं मिळालं होतं. मानसिंगनं दुसरा बांबू उपटला. खड्डे घेतले, बांबू रोवले, पाय देऊन माती चोपली. फ्लेक्स ताणून बांधायची वेळ आली तेव्हा मुकादमांनी हात वर केला.

"फोटो कुठल्या अंगाला?"

"कुठल्याही," डॉक्टर गमरे म्हणाल्या. "शास्त्राला फरक पडत नाही."

"आमाला पडतो, मॅडम. पोती झटकायच्या अंगाला नगं. समदी धूळ तोंडावर येनार."

तेव्हा त्या हसल्या. फोटो उजव्या अंगाला, स्वच्छ बाजूला झाले. मग त्यांनी ज्ञानेश्वरीला पुन्हा धारेवर धरलं. एका जागेवरून काही सांगता येत नाही, हे माहीत आहे ना? आहे. मग? पुढच्या गाळ्यांमागेही अशाच पट्ट्या आहेत, तिथेही पोती झटकतात, तीच तणं आहेत, ती म्हणाली. निदान दोन आणखी मिळतील.

"तिथलं कुणी साफ केलंय?"

"नाही."

"करून घे." त्या टोळीकडे वळल्या. "याच्याइतकंच स्वच्छ व्हायला पाहिजे. खणून, मिसळून. जमेल?"

"मॅडम, तुमी नुस्तं सांगा," मुकादम म्हणाले. सकाळपासून कमावलेली आणि मध्येच गमावलेली ऐट त्यांच्या खांद्यांवर परत आली. "अख्खं मार्केट साफ करतो."

"अख्खं नको!" ज्ञानेश्वरी आणि डॉक्टर गमरे एकदमच म्हणाल्या.

जाताना बाई रिक्षात बसल्या बसल्या म्हणाल्या, "अर्जाची मुदत जानेवारीअखेर आहे. काय उगवलं ते कळव. काही नाही उगवलं, तरी कळव. आणि तुझं म्हणणं चुकलं, तर ते सगळ्यांत आधी कळव."

टोळीनं हे काम मनावर घेतलं. पुढच्या दोन पट्ट्याही खणून झाल्या, आणि त्यांच्याही मधोमध जुने फ्लेक्स उभे राहिले. इतकं, की ज्ञानेश्वरीला प्रयोगापेक्षा टोळीवरच जास्त लक्ष ठेवावं लागलं. कुणी उजव्या अंगाला पाय ठेवला तर चहूकडून आरडाओरडा व्हायचा. एका व्यापाऱ्यानं नेहमीच्या सवयीनं तिथे पान थुंकलं, तर त्याला मानसिंगनं पाच मिनिटं शास्त्र ऐकवलं. पाणी तिन्ही पट्ट्यांना एकाच डब्यानं मोजून घालायचं ठरलं होतं. पण आपल्या पट्टीला मागे पडलेलं बघवत नाही म्हणून कुणीतरी दुपारी हळूच जास्तीचा डबा ओतत असल्याचं तिच्या लक्षात आलं. ते खुद्द मुकादम निघाले.

"काका, ही स्पर्धा नाही!"

"ते बरोबर हाय गं. पर शेजारच्या टोळीचं हिरवं दिसाया लागलं की जिवाला लागतं."

शेवटी तिनं डबा आपल्याकडे ठेवला आणि रोज क्लासला जायच्या आधी स्वतः पाणी घालू लागली. कोपरखैरण्याहून चालत यायची, वडिलांबरोबर. जोतीराम वाटेत फारसं बोलत नसत. एकदा बोनकोड्याच्या तळ्याशी आल्यावर मात्र म्हणाले, "समजा, काय उगवलंच न्हाई, तर?"

"तर तेही कळवायचं."

"आनि मग घेतील तुला?"

"माहीत नाही, आबा."

ते थोडं चालले. "माझ्या हातानं उपटलं गं मी. तो पीठ लावल्यावानी पाला हुता ना, त्यो मीच काडला. काडताना वाटलंबी, कसा गुबगुबीत हाय."

"बथुआ तो."

"तोच."

जानेवारीच्या थंडीत कोंब आले. आधी गाजर गवत, ते अपेक्षितच होतं. ते मुंबईत कुठेही उगवतं. मग डाव्या अंगाला, पोत्यांच्या बाजूला, पित्तपापड्याची नाजूक पानं. मग रानमेथी. उजवीकडे यांपैकी काहीच नाही. दुसऱ्या पट्टीवर तेच, तिसरीवरही तेच. ज्ञानेश्वरीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिचं म्हणणं खरं ठरत होतं. तिनं मनातल्या मनात पत्र लिहायलाही घेतलं.

आणि मग बथुआ आला. डावीकडे आला, उजवीकडेही आला. तिन्ही पट्ट्यांवर, फ्लेक्सच्या दोन्ही अंगांना, जवळजवळ सारखाच. मुकादमांच्या फोटोच्या बरोब्बर खाली त्याचा सगळ्यांत जोरकस झुबका होता.

म्हणजे बथुआ दर वर्षी पोत्यांतून येत नव्हता. तो कधीच इथला झाला होता. ज्या झाडावरून ती हा अर्ज करायला निघाली होती, ज्याच्यावर तिच्या त्या पानातल्या बहुतेक ओळी होत्या, त्याच्याच बाबतीत ती चुकली होती.

ती नळाच्या कट्ट्यावर बसून राहिली. शालन त्या दिवशी मुद्दाम बघायला आली होती. तिनं वाकून एक पान चिमटीत धरलं. "कवळं हाय. लसूण घालून चांगली भाजी व्हईल."

"आई, हात लावू नकोस!"

"बरं बाई. एवढं काय झालं तोंड पाडायला?"

तिनं सांगितलं. मानसिंगनंही ऐकलं, आणि त्याला उपाय सुचायला वेळ लागला नाही. "एवढंच ना? उजवीकडची दोन मिनिटांत साफ करतो. मग फोटो काढ. तुझं म्हणणं बरोबर, प्रॉब्लेम खल्लास."

जोतीराम पोतं टेकवून उभे होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तो चढला. "ए मान्या! एकदा उपटून झालंय न्हवं आपलं? बास!"

मानसिंग दोन पावलं मागे सरला. मग टोळीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्यापाठोपाठ खुद्द मानसिंग. ज्ञानेश्वरीलाही हसू आलं, आणि हसता हसता तिच्या डोक्यातलं पत्र बदललं.

घरी येऊन तिनं ते लिहिलं. पहिलं वाक्य : ‘बथुआच्या बाबतीत माझं म्हणणं चुकलं.’ मग तिन्ही पट्ट्यांवर काय कुठे उगवलं ते. मुकादमांनी जास्तीचं पाणी घातलं होतं तेही, कारण ते लपवून चाललं नसतं. आणि शेवटी एक प्रश्न, जो बाईंनी विचारला नव्हता : तिन्ही एकाच शेतातून, एकाच पोत्यात येतात, मग बथुआला मुंबईचा उन्हाळा-पावसाळा काढून राहणं जमलं आणि बाकीच्या दोघांना का जमलं नाही?

डॉक्टर गमरे यांचं उत्तर लांबलचक होतं आणि त्यात कौतुकाचा एक शब्द नव्हता. तीन पट्ट्या कमी आहेत. नळाचं पाणी तिन्ही ठिकाणी सारखं मुरतं हे तू गृहीत धरलंस, तपासलं नाहीस. मुकादमांच्या पाण्यामुळे पहिल्या पट्टीची गणती बाजूला ठेव. ‘उत्तर हिंदुस्थानचा तुकडा’ असली भाषा निबंधात चालते, अहवालात नाही. ती वाचत गेली आणि तिचे खांदे खाली येत गेले. सर्वांत खाली लिहिलं होतं : ‘शेवटचा प्रश्न चांगला आहे. पाच वर्षं पुरेल. अर्ज भर. मुलाखत समितीपुढे होईल, तिथे मी एकटी ठरवत नाही. पण मार्गदर्शक म्हणून माझं नाव घाल.’

समितीनं पुण्यात तिला तासभर घुसळलं. एका सदस्यांनी विचारलं, की शेतमालाच्या बाजारात असा प्रयोग करताना स्थानिक लोकांचं सहकार्य मिळालं का? डॉक्टर गमरे यांनी खिडकीबाहेर बघितलं. ज्ञानेश्वरीनं गंभीरपणे सांगितलं, की जरुरीपेक्षा जास्त मिळालं.

निवड झाल्याचं तिनं पहिल्यांदा वडिलांना फोनवर सांगितलं. पलीकडे पोती टाकल्याचे धप्प धप्प आवाज येत होते, ते थांबले. मग जोतीरामांनी फोन मुकादमांच्या हातात दिला, आणि मुकादमांनी मानसिंगच्या, आणि मानसिंगनं थेट विचारलं, "ताई, फोटो कुठला टाकायचा?"

"कसला फोटो?"

"फ्लेक्सवर! अभिनंदनाचा. मजकूर रेडी आहे. तुझा फोटो आहे, तुझ्या आबांकडून घेतला. फूल कुठलं टाकू? या वेळी ट्युलिप नको, मॅडम हसतात."

ती पुण्याहून परतत होती. बस लोणावळ्याच्या अलीकडे होती. तिनं फोन चाळून बथुआचा एक फोटो पाठवला, मुकादमांच्या छायेतल्या त्या झुबक्याचा. राखाडी पानं, पिठूळ शेंडा, फूल म्हणावं असं काही नाही.

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. या वेळी मुकादम होते.

"ज्ञानू, ह्यो पाला? लोक म्हनतील भाजीची जाहिरात हाय."

"भाजीच आहे ती, काका."

"बरं. तुझं काम, तुझं फूल. कुठं लावायचा?"

"गाळ्याच्या पुढे लावा. दर्शनी. मागे नको, काका, मागच्या बाजूला हात लावायचा नाही. तिथे अजून पाच वर्षं माझं काम आहे."

"आनि ती शाल? पडून हाय कवापासनं."

ज्ञानेश्वरी विचार करत होती, तेवढ्यात फोनवर जोतीरामांचा आवाज आला. ते मुकादमांच्या खांद्यावरून बोलत असावेत.

"ठिवून द्या. पाच वर्सांनी दोघींना एकदम देऊ. आनि त्याच्या आदी झाडलोट मला इचारल्याबिगर कुनी करायची न्हाई."